अर्धा तास कुणाचा? नोकरी, घर आणि आई-बापाचे धावणे



"सकाळी चाला, धावा, त्याला काही पैसा लागत नाही," असे डॉक्टर सांगतात. सांगणे खरेच आहे. पण आपल्या वस्तीतल्या घरात पैशाइतकीच टंचाई सकाळच्या अर्ध्या तासाची असते. पहाटे नळ येतो, डबे भरायचे असतात, मुलांची शाळा असते, पहिल्या पाळीची बस चुकवून चालत नाही. या धबडग्यात आई-बापाने धावायला जायचे कधी? आणि गेलेच, तर त्या वेळात घरचे काम कोण करणार? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तीन चुका केल्यावर मिळाले. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हा लेख.

आम्ही दोघे नवरा-बायको निगडीच्या बाजूला एका वस्तीत राहतो. एक जण कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो, दुसरी अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, सोबत आजी. लेख दोघांनी बसून लिहिला आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. जिथे एकाबद्दलच सांगायचे आहे तिथे मुले हाक मारतात तसे 'आई' आणि 'पप्पा' म्हणू.

तपासणी झाली म्हणून कळले

गेल्या वर्षी १४ एप्रिलच्या जयंतीनिमित्त विहारात आरोग्य तपासणी होती. पप्पा मंडप बांधायला गेले होते, सगळे रांगेत उभे राहिले म्हणून तेही राहिले. उपाशीपोटी साखर निघाली १४८ आणि रक्तदाब १५०/९६. वय ४१. काही दुखत नव्हते, काही खुपत नव्हते. महापालिकेच्या दवाखान्यात पुन्हा तपासले, तिथेही तेच.

हे आकडे समजून घेऊ. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि १२६ किंवा त्याहून जास्त पुन्हा तपासूनही आली तर मधुमेह. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्यावर येत असेल तर तो वाढलेला समजतात. दोन्ही आजार सुरुवातीला मुकाट असतात. म्हणून वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

बाबासाहेबांना मधुमेहाने आणि सांधेदुखीने अखेरच्या वर्षांत फार छळले. तशा प्रकृतीतही त्यांनी काम सोडले नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यावरून दुखणे अंगावर काढायचा धडा घेऊ नये. त्यांच्या खांद्यावर कोट्यवधी लोकांचा भार होता. आपल्याला दवाखाना, गोळी आणि तपासणी हाताशी आहे. ती न वापरणे ही काही निष्ठा नव्हे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, आठवड्यातून किमान १५० मिनिटे चाला, जमेल तसे हळू धावा. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सांगते. कारण सोपे आहे. स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि व्यायाम थांबल्यावरही बराच वेळ, काही वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत, हा परिणाम टिकतो. म्हणूनच मधुमेह असणाऱ्याने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये.

पहिली चूक: भरतीची धाव

आपल्या वस्तीत धावणे म्हटले की एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते, पोलीस भरती. मुलगे १६०० मीटर, मुली ८०० मीटर. मैदानावर पहाटे तीच मुले असतात. पप्पा पहिल्या दिवशी त्यांच्याच मागे सुटले. चौथ्या दिवशी नडगी अशी ठणकू लागली की कारखान्यात उभे राहवेना. आठवडाभर घरी लंगडणे झाले.

विहारात भन्तेजींनी सोण कोळिविसाची गोष्ट सांगितली ती याच वेळी. चंपानगरीचा हा श्रीमंत घरचा मुलगा, तळपाय अतिशय कोमल. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमण इतके नेटाने केले की पाय फुटून चालायची वाट रक्ताने माखली. तरी मनासारखे फळ मिळेना, तेव्हा तो घरी परतायचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे.

शरीराच्या भाषेत याचा अर्थ असा. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, पण हाडे, स्नायुबंध आणि सांधे यांना जास्त वेळ लागतो. दम टिकतो म्हणून माणूस वेग वाढवतो आणि नडगी, टाच, गुडघा बोलू लागतो. म्हणून चाळिशीतल्या माणसाने धावायची सुरुवात चालण्यापासून करावी. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले तर वेग जास्त आहे, चालायला लागावे. घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची.

दुसरी चूक: दुसऱ्याच्या जिवावर धावणे

नडगी बरी झाल्यावर पप्पा पद्धतशीर लागले. तीन महिन्यांत उपाशीपोटी साखर १४८ वरून १२२ वर आली. गोळ्यांचा वाटा त्यात होताच, धावण्याचाही होता. पप्पा खूश. एका रात्री कणीक मळता मळता आई म्हणाली, "तुमची साखर उतरली, चांगलं झालं. पण तुमच्या त्या अर्ध्या तासाचे पैसे कोण भरतं, ते बघितलंत का कधी?"

पप्पांना आधी समजले नाही. मग त्यांनी मुलीची जुनी वही घेतली आणि मागच्या पानावर पहाटे साडेचार ते साडेआठपर्यंतची घरातली कामे लिहून काढली. पाणी भरणे, ते गाळून ठेवणे, चहा, भाजी, भाकऱ्या, चार डबे, मुलांना उठवणे, आजीला गोळी देणे, अंथरुणे, झाडलोट, भांडी. अकरा कामे. प्रत्येकापुढे करणाऱ्याचे नाव लिहिले. दहा कामांपुढे 'आई'. अंथरुणांपुढे 'पप्पा' होते, पण धावणे सुरू झाल्यापासून तेही आईकडे गेले होते.

त्याच तपासणीत आईचे हिमोग्लोबिन ९.४ निघाले होते. बायकांमध्ये ते १२ किंवा त्याहून जास्त असावे. जिना चढताना तिला धाप लागायची, कंबर धरायची. तो कागद तीन महिने डब्याखाली पडून होता. पप्पांचा कागद भिंतीवर लावला होता. यावर आम्ही दोघेही त्या रात्री बराच वेळ काही बोललो नाही.

सोणाच्या गोष्टीचा पुढचा भाग आम्हाला तेव्हा नीट कळला. त्याचे पाय नाजूक म्हणून तथागतांनी त्याला एकट्याला पादत्राण वापरायची परवानगी दिली. सोणाने ती घेतली नाही. संपूर्ण संघाला मुभा असेल तर मीही वापरेन, एरवी नाही, असे तो म्हणाला. मग ती सर्व भिक्खूंना मिळाली. आपल्या घरात नेमके उलटे चालते. सवलत एकाला मिळते आणि तिचा भार दुसऱ्यावर पडतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. कामगाराच्या विश्रांतीला कायद्याने मोजमाप मिळाले. कारखान्यातल्या ४८ तासांनंतर घरात आणखी किती तास कोण राबते, हे मोजायचे काम मात्र कायदा करत नाही. ते आपल्यालाच वहीच्या मागच्या पानावर करावे लागते. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सांगितले आहे की पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये. मान राखणे म्हणजे तिच्या वेळेलाही किंमत आहे हे मानणे, असे आम्हाला वाटते.

तिसरी चूक: आईचे काम मुलीच्या अंगावर

दुसऱ्या दिवसापासून आईही मैदानावर जाऊ लागली. घरात वाद नाही, कुरकुर नाही. आठ दिवसांनी मुलगी म्हणाली, "आई, तू धावायला जातेस तेव्हा भांडी मीच घासते. दादूला कुणी उठवत पण नाही."

आम्ही चमकलो. काम वाटून घेण्याऐवजी ते आम्ही आईकडून मुलीकडे सरकवले होते. आपल्या बऱ्याच घरांत असेच होते. आई आजारी पडली, कामाला लागली, की तिची जागा मुलगी भरते आणि तिचा अभ्यास बुडतो. मुलगा मात्र झोपलेला असतो.

मग वहीत पुन्हा लिहिले. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते, म्हणून वारावर न जाता नळावर वेळापत्रक बांधले:

• पाण्याच्या दिवशी पप्पा पाणी भरणार आणि चहा करणार, आई मैदानावर.
• बिनपाण्याच्या दिवशी आई डबे करणार, पप्पा मैदानावर. आल्यावर भांडी पप्पांची.
• भाजी आदल्या रात्री दोघांपैकी जो घरी असेल तो चिरून ठेवणार.
• अंथरुणे आणि पाण्याच्या बाटल्या मुलाकडे, झाडलोट मुलीकडे. परीक्षेच्या आठवड्यात दोघांनाही सुट्टी.
• आजी मुलांना उठवणार. आजीची गोळी मुलगा देणार.

पहिली पाळी असली की पप्पा संध्याकाळी धावतात. रात्रपाळीच्या आठवड्यात आई संध्याकाळी सहाला जाते, तेव्हा पप्पा उठून स्वयंपाकाला लागलेले असतात. सुरुवातीला भाकरी नकाशासारखी व्हायची, आता बरी होते. गल्लीत कुणी म्हटले, "काय, बायकोने हंडा धरायला लावला?" तर पप्पा म्हणतात, "पाणी मीही पितो की."

आई-बहिणींसाठी

वस्तीतली बाई धावताना दिसली की लोक विचारतात, "कुठल्या भरतीला चाललीस?" दोन आठवडे विचारतात, मग थांबतात. दोघी-तिघींनी मिळून जावे, उजाडायला लागल्यावर जावे, मैदान नसेल तर शाळेचे पटांगण विचारून घ्यावे. सलवार-कुर्ता चालतो, ओढणी बांधून घ्यावी. आतले कपडे घट्ट आधार देणारे असावेत.

अशक्तपणा असेल तर आधी तो भरून काढावा. आईने पहिले दोन महिने फक्त चालणे केले आणि आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या. सोबत पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, अंडी, परवडेल तेव्हा कलेजी. जेवणात लिंबू पिळले तर लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते, म्हणून चहा आणि जेवण किंवा गोळी यांत तासाभराचे अंतर ठेवावे. पाळी फार जात असेल तर डॉक्टरांना सांगावे. नुसत्या गोळ्या घेऊन भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरू नये.

आणखी एक गोष्ट बायका बोलत नाहीत. बाळंतपणांनंतर खोकताना, उडी मारताना, धावताना लघवीचा थेंब जातो. याला लाजू नये, हा दुबळ्या झालेल्या स्नायूंचा प्रश्न आहे. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, मनात पाच मोजायचे, सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, श्वास न रोखता. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. दोन-तीन महिन्यांत बऱ्याच जणींना फरक पडतो. नाही पडला, किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटले, तर धावणे थांबवून दवाखान्यात दाखवावे. बाळंतपणानंतर निदान तीन महिने धावू नये, फक्त चालावे, आणि सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. गरोदरपणात नव्याने धावणे सुरू करू नये.

आठ आठवड्यांचा धडा

आठवड्यातून तीन किंवा चार दिवस, प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास. सुरुवातीला पाच मिनिटे आणि शेवटी पाच मिनिटे सावकाश चालणे ठरलेलेच.

• पहिला आणि दुसरा आठवडा: तीस मिनिटे झपझप चालणे. धावायचे नाही.
• तिसरा आणि चौथा: एक मिनिट हळू धावणे, दोन मिनिटे चालणे. असे सात वेळा.
• पाचवा आणि सहावा: दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे. असे पाच वेळा.
• सातवा आणि आठवा: चार मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे. असे चार वेळा.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. घड्याळ नसेल तर रस्त्यावरचे विजेचे खांब मोजावेत: दोन खांब धावणे, चार खांब चालणे. पावले छोटी टाकावीत, खांदे सैल सोडावेत. आठवड्यातून दोन दिवस घरीच दहा-दहा उठाबशा आणि भिंतीला हात टेकून दंड काढले तर गुडघे आणि पाठ बळकट राहतात.

बूट महाग असायची गरज नाही, पण चपलेवर किंवा तळ झिजलेल्या बुटावर धावू नये. टाचेखाली मऊपणा हवा आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मधुमेह असणाऱ्याने अनवाणी धावू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. फोड, जखम, भेग दिसली तर दुर्लक्ष करू नये. दुखणे धावताना वाढत गेले किंवा दुसऱ्या सकाळीही राहिले तर दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी.

मोठ्या रस्त्याच्या धुरात आणि कचरा जळतो तिथे धावू नये. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढायच्या आत परत यावे. कुत्रे अंगावर आले तर पळू नये, थांबावे. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. हळद-चुना लावत बसू नये.

आधी विचारावे, वेळीच थांबावे

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी, आणि वर्षानुवर्षे काही व्यायाम न केलेल्या चाळिशीपुढच्या व्यक्तींनी धावणे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब १८०/११० किंवा त्यावर असेल तर धावू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर धावताना एकदम उतरू शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, भूक भडकणे, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. अशांनी उपाशीपोटी धावू नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. लक्षणे दिसताच थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी. साखर उतरली म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्या कमी-जास्त करायच्या त्या डॉक्टरांनीच.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, वेगळाच दम, चक्कर यांपैकी काही झाले तर तिथेच बसावे आणि १०८ वर फोन करावा. "गॅस झाला असेल" म्हणून घरी जाऊन झोपू नये.

दिवसभर राबणाऱ्यांनी काय करावे?

सफाई कामगार, बांधकाम मजूर, हमाल, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बहिणी विचारतील, आम्ही दिवसभर अंगमेहनत करतो, आम्ही आणखी का धावायचे? प्रश्न रास्त आहे. ज्यांचे शरीर आठ तास ओझे उचलते त्यांना आधी विश्रांती, पुरेसे जेवण आणि झोप हवी. त्यांनी धावलेच पाहिजे असे नाही. संध्याकाळी हात मोकळे सोडून वीस मिनिटे चालावे, पाठ आणि पोटऱ्या ताणाव्यात, एवढे पुष्कळ. रखवालदार, रिक्षाचालक, शिलाई मशीनवर बसणारे, दुकानात उभे राहणारे यांनी मात्र शरीर मुद्दाम हलवले पाहिजे.

झोप कापून कुणीही धावू नये. मोठ्या माणसाला सात तास झोप लागते. रात्रपाळी करून आल्यावर थेट मैदानावर जाऊ नये, आधी झोपावे. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद, प्रयत्नाची ताकद, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि टिकणारी एकाग्रता. तेव्हा ज्याला धावणे जमत नाही त्याने नुसते चालण्याला कमी लेखू नये.

खाण्याचेही तसेच. कोसलचा राजा पसेनदी फार जेवायचा आणि मग धापा टाकायचा. तथागतांनी त्याला मोजून जेवायला सांगितले. राजाने एका तरुणाला रोज जेवताना त्याची आठवण करून द्यायला लावले आणि जेवण हळूहळू कमी केले. आमच्या घरी हे काम मुलाने घेतले आहे. पप्पांचा हात तिसऱ्यांदा भाताकडे गेला की तो नुसता बघतो. आणि पाचवे शील पाळतो म्हणणाऱ्यांनी दारूबरोबर गुटखा, तंबाखू, मिश्रीही सोडावी. तंबाखूने हृदयाची धडधड आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. तोंडात तंबाखू धरून धावणे म्हणजे एका हाताने भरायचे आणि दुसऱ्या हाताने सांडायचे.

मोडते, पुन्हा लागते

आमचे रोज सुरळीत चालते असे समजू नका. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला, तीन आठवडे बुडाले. मुलाला ताप आला, आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, जादा पाळी लागली. बुडाले तर बुडाले. पुन्हा लागताना एक आठवडा मागे जाऊन सुरुवात करायची, बुडालेले भरून काढायला दुप्पट धावायचे नाही. आज पप्पांच्या गोळ्या चालूच आहेत, साखर आणि रक्तदाब आटोक्यात आहेत. आईचे हिमोग्लोबिन ११.६ झाले आहे. अजून १२ गाठायचे आहे.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी त्या दिवशी आम्ही सहकुटुंब रिक्षाने जातो. आमच्यापासून अंतर चार-पाच किलोमीटर. गेल्या वर्षी ठरवले, दोघांनी पायी जायचे, जमेल तिथे धावायचे. तोवर आम्ही दोघे कधी एकत्र धावलो नव्हतो, कारण एक धावायला गेला की दुसऱ्याने घर धरायचे असा नियम होता. नेमका पाण्याचा दिवस होता. पप्पा हंड्याला हात घालू लागले तेव्हा मुलगा म्हणाला, "राहू द्या, आज आम्ही दोघं भरतो." आजी म्हणाली, "जा तुम्ही. कुलूप मी लावते, रिक्षानं येतो आम्ही."

वाटेत आम्ही दोनदा थांबलो, एकदा दम लागला म्हणून आणि एकदा चहासाठी. पोहोचलो तेव्हा उजाडले होते. मुले आणि आजी आमच्यानंतर आली. सगळ्यांनी मिळून वंदना घेतली.

आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एवढे करून पाहा. तिशीपुढच्या सगळ्यांनी, बायकांनी आधी, साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मग घरी जाऊन वहीच्या मागच्या पानावर सकाळची कामे लिहावीत आणि प्रत्येक कामापुढे नाव घालावे. ते पान भरल्यावर कुणाला अर्धा तास मिळतो आणि कुणाला मिळत नाही, हे घरातल्या सगळ्यांना दिसेल. बूट त्यानंतर घ्यावेत.

जयभीम. नमो बुद्धाय.